पावडरीचं पाणी

प्रभाकररावानं बादलीतलं पांढरट पाणी काठीनं ढवळलं, दोराला गाठ मारली आणि बादली हळूहळू चावडीपुढच्या विहिरीत सोडली. खाली ती कलती झाली तसा वास वर आला. गुंड-कळशा घेऊन ताटकळलेल्या बायकांनी नाकाला पदर लावले.

"तासभर कोणी पाणी भरू नका," तो म्हणाला. "मग खुशाल प्या. पाण्यातले जंतू मरतात यानं."

"आन आमी?" कठड्याला टेकून बसलेल्या देवकाबाईनं विचारलं.

बायका हसल्या. प्रभाकरराव आंजीच्या दवाखान्यातून सायकलवर यायचा, घराघरांच्या भिंतींवर गेरूनं आपल्या फेरीच्या तारखा लिहायचा. साधा माणूस. त्यानं हसून बादली वर ओढली, पावडरीचा डबा कॅरिअरला बांधला आणि चिंचझरीच्या चिखलातून सायकल ढकलत निघून गेला.

तो वळणापलीकडं गेला न गेला तोच देवकाबाईनं पदर खोचला. ती साठी कधीच ओलांडून गेलेली. हिच्या गोष्टी ऐकायला माणसं वखर सोडून येत. हिनं एकदा बिबट्याला ताक पाजलं होतं, धाम नदीच्या पुरात म्हशीच्या शेपटाला धरून थेट पुलगाव पाहून आली होती. खरं-खोटं कोणी विचारत नसे. विचारणार कशाला? मजा जाते.

"मह्या भावाच्या गावी टाकलंतं हेच," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी गावातला कोंबडा आरवाचा विसरला. आठव्या दिवशी खुडूक होऊन टोपल्यात बसला, उठेचना. आन पाटलाचा सांड? समोरून गाई चालल्या तं मान खाली घालून कडबा खाय. बाप्पा, जीपगाडी आता येत नाई ना गावात? काऊन येत नाई? अवं, कापाकापीचं काम सरकारनं पावडरीवर सोपवलं!"

बायकांची हसून पुरेवाट झाली. रुख्माबाई तर चुंबळ तोंडावर धरून खाली बसली. दोन वर्षांमागं नसबंदीची जीप आली की गावातले बापे तुरीच्या वावरात लपायचे, बायका दारात बसून 'गावाले गेले' सांगायच्या. ती धास्ती अजून कोणाच्या अंगातून गेली नव्हती. म्हणून हसू जरा जास्तच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवकाबाई दात घासत अंगणात आली तर विहिरीवर कोणी नव्हतं. रहाटाचा आवाज नाही, भांडण नाही. एक कावळा तेवढा कठड्यावर बसून आत पाहत होता. बायकांची ओळ दुसऱ्याच अंगानं चालली होती, गावाबाहेरच्या गोदरीच्या वाटेनं, नाल्याकडं. तिथं जुनी बावडी होती. कठडा नसलेली, चार पायऱ्या उतरलं की हात पाण्याला लागणारी. नाला भरला की त्याचं पाणी तिच्यात घुसे, आणि नाल्याच्या वरच्या अंगाला सारं गाव सकाळी टमरेल घेऊन बसे. इतकी वर्षं तिचं पाणी बैलांना पाजत.

देवकाबाईला मोठी गंमत वाटली. आपली एक गोष्ट रातोरात गावाची वाट बदलते, हे तिच्याही कल्पनेबाहेरचं होतं.

मागून वच्छला कळशी घेऊन आली. ही तिच्या नातवाची, तानबाची बायको. तानबाचे आईबाप लवकर गेले, त्याला देवकाबाईनंच वाढवलं. दोन वर्षांमागं ही सून घरात आली तेव्हापासून त्या घराला पुन्हा आवाज आला. वच्छलाला पाचवा महिना लागला होता.

"आजी," ती हळूच म्हणाली, "ते पावडरीचं खरं हाय का वं?"

देवकाबाईच्या तोंडात मिसरी होती. तिनं थुंकून तोंड पुसलं. 'नाई वं, येडे,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण गल्लीतून रुख्माबाई येत होती, तिच्यामागं आणखी तिघी-चौघी, आणि सगळ्यांचे कान इकडं लागलेले.

"मले काय माईत?" देवकाबाई डोळा बारीक करून म्हणाली. "मी तं आता म्हातारी. मले पावडर काय करते!"

सगळ्या पुन्हा हसल्या. वच्छलाही हसली.

"एकटी जाऊ नको," देवकाबाईनं मागून सांगितलं. "घसरण हाय. बायाइसंगं जा."

पोळा झाला आणि गावात कावीळ आली. आधी सुताराचा जावई, मग वासुदेवराव सरपंचाच्या घरचे दोघं. ताप यायचा, अन्नावरून मन उडायचं, कोणाला ओकाऱ्या, कोणाला उजव्या बरगडीखाली दुखायचं. मग एखाद्या सकाळी बायको नवऱ्याकडं पाहायची आणि म्हणायची, अहो, तुमचे डोळे पाहा. दहा-पंधरा दिवसांत बहुतेकजण उठून वावरात जायला लागले. त्यामुळं कोणी घाबरलं नाही. रामाजीकडं जाऊन काविळीची माळ घालून घेतली की झालं. रामाजी कसल्याशा ओल्या काड्यांचे तुकडे कच्च्या सुतात गुंफी आणि माळ डोक्यावर टोपीसारखी ठेवी. दिवसागणिक ती वाढत जाई, कानांवरून गळ्यात, गळ्यातून छातीवर. माळ उतरली तशी कावीळ उतरली.

वच्छलाला पहिल्यांदा फोडणीचा वास सोसेना. तिनं कढई तशीच चुलीवरून उतरवली आणि मागच्या दारी जाऊन ओकली.

"सातव्या महिन्यात कोनी ओकते काय वं?" देवकाबाई म्हणाली. "उलटी गर्भार तू!"

वच्छला हसायचा प्रयत्न करत भिंतीला टेकली. उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर होती. देवकाबाईनं तिची हनुवटी धरून पापणी खाली ओढली, आणि तिचं स्वतःचं हसू तिथंच राहिलं.

रामाजीनं माळ घातली. तिसऱ्या दिवशी ती गळ्यात आली, पाचव्या दिवशी छातीच्या खाली लोंबायला लागली. तानबा रोज वावरातून आला की आधी माळ पाही.

"उतरून राह्यली ना, आजी?"

"उतरून राह्यली."

दुसऱ्याची थाप देवकाबाईला लांबून ओळखू येई. ओली काडी वाळली की बारीक होते, गाठ सैल पडते, सूत सुटतं. त्यात रामाजीचं काही नाही. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी तीही रोज सकाळी माळेला बोटं लावून पाही. वच्छलाचं अंग खाजवून खाजवून ओरबाडलं होतं. लघवी कोऱ्या चहासारखी काळी. आणि सहाव्या दिवशी दुपारी तिनं चुलीपुढं बसून, पीठ न घेता, रिकाम्या परातीत भाकरी थापायला घेतली.

तानबानं त्याच पावली बैल जुंपले.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं वच्छलाला हात समोर धरायला सांगितले. वच्छलाचे हात पाखरानं पंख फडफडवावेत तसे हलत होते. डॉक्टरीणबाईनं गळ्यातली माळ पाहिली, कात्री घेतली आणि कापली.

"आजी, पाणी कुठलं पिता?"

"बावडीचं."

"झाकलेली आहे?"

"नाई. नाल्याकाठी हाय."

"गावात दुसरी विहीर नाही?"

देवकाबाईनं तानबाकडं पाहिलं. तो वच्छलाच्या पायांवर चादर नीट करत होता.

"हाय," ती म्हणाली.

"बहुतेक त्या बावडीतूनच आली ही. माणसाची घाण पाण्यात जाते, त्यातून हा रोग पोटात जातो आणि लिव्हरमध्ये बसतो. चांगला महिना-दीड महिना काही कळू देत नाही. म्हणून कोणाला वाटतच नाही पाण्यानं झालं म्हणून. बाकीचे बरे होतात. पण पोटुशी बाई..." तिनं कात्री बाजूला ठेवली. "गावात सांगा. पाणी उकळून प्या, हात धुवा. विहिरीत पावडर टाकायला येत नाही का कोणी?"

"येते," देवकाबाई म्हणाली.

दीड महिना. खाटेच्या लोखंडी पायाशी बसून ती मागं मागं जात राहिली. पोळा, नागपंचमी, आखाडी. थोडंसं इकडं-तिकडं सोडलं तर बरोबर तिथंच येऊन पोचत होतं.

वच्छला दिवसा झोपायची आणि मधूनच उठून बसायची. तिसऱ्या दिवशी तिनं देवकाबाईला आपली आई समजून मांडीवर डोकं ठेवलं.

"माय, मी सासरी नाई जात."

"नको जाऊ."

"बुढी चांगली हाय. पन लय हासवते. मले आता पोट धरून हासता येत नाई."

चौथ्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. मग तिला हाक ऐकू येईनाशी झाली. पाचव्या दिवशी दिवेलागणीच्या आधी ती गेली. मूल पोटातच गेलं.

तेराव्यानंतर देवकाबाई पहिल्यांदा घराबाहेर पडली ती नाल्याकडं गेली. पायऱ्यांवर बायकांची गर्दी होती. तिला पाहून सगळ्या बाजूला सरकल्या. रुख्माबाईनं तिचा हात धरला.

"मी खोटं बोलली होती," देवकाबाई म्हणाली.

"काय?"

"कोंबड्याचं. सांडाचं. मले तं भाऊच नाई. ते पावडरीचं पानी चांगलं हाय. ह्या पान्यानं कावीळ होते. डॉक्टरीणबाईनं सांगतलं, ह्याच पान्यानं वच्छला गेली. बायांनो, इथलं पिऊ नका."

रुख्माबाईनं तिचा हात थोपटला, तापलेल्या लेकराचा थोपटावा तसा.

"तू घरी चाल, बुढे. तुले झोप नाई."

"अवं, मी खरं सांगून राह्यली."

"आन तवा काय खोटं सांगत होती? मह्या माहेरच्या बाजूलेबी तसंच झालं. तिथं तं दोन सांड होते." मागच्या एकीनं मान डोलावली, तिनंही ऐकलं होतं. "पावडर टाकायच्या आधी कधी आलती का अशी घरोघर कावीळ गावात? मंग? त्या पावडरीचा वास इथपर्यंत येते, त्याचीच बाधा."

गोष्ट देवकाबाईची होती, पण आता तिला ओळख देत नव्हती.

खालच्या पायरीवर रुख्माबाईची लेक जिजा उभी होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा भरत आलेला. तिनं पोट सावरत वाकून कळशी बुडवली, वर ठेवली आणि ओंजळीनं पाणी प्यायली. हनुवटीवरून ओघळलं ते मनगटानं पुसलं. दमली होती बिचारी.

प्रभाकरराव त्या महिन्यात दोनदा आला. बावडीत त्याला कोणी पावडर टाकू दिली नाही. चावडीवर लोक जमवून त्यानं फळ्यावर लिव्हरचं चित्र काढलं. लोकांनी ऐकून घेतलं, वासुदेवरावानं त्याला चहा पाजला. चहाचं पाणी बावडीचं होतं. देवकाबाईनं उठून तिथंही सांगितलं. एका म्हाताऱ्यानं शेजारच्याच्या कानात सांगितलं की दुःखानं बुढीच्या डोक्यावर परिणाम झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गाव जेवून कलंडलं तेव्हा ती एकटी बावडीवर गेली. पायरीवर बसली. पाण्यावर बाभळीची पिवळी फुलं तरंगत होती, खाली सगळं शांत, थंडगार. नुसतं पाहिलं तर पिऊ वाटावं असं. बराच वेळ ती बसून राहिली. एकदा तोंडातल्या तोंडात काही म्हणाली, पुन्हा म्हणून पाहिलं आणि डोकं हलवलं. तिसऱ्यांदा जमलं असावं. मग तिनं आपली मातीची घागर उचलून पायरीवर आपटली. अंबाडा सोडला. लुगड्याचा पदर नाल्यातल्या चिखलात बुडवला. आणि ती धावायला लागली. त्या वयात, त्या गुडघ्यांनी.

चावडीपुढं येऊन ती पडली तेव्हा रुख्माबाईच पहिल्यांदा बाहेर आली. मग जिजा. मग सारं गाव.

"बसली हाय," देवकाबाई म्हणाली. "बावडीत. दुसऱ्या पायरीवर."

"कोन वं?"

"मही वच्छला."

बायकांत एकदम थंडी शिरल्यासारखं झालं. पोटुशी मेलेली बाई अळवंतीण होते, हे त्या गावात कोणाला सांगावं लागत नव्हतं.

"हिरवं लुगडं नेसली हाय. केस मोकळे. मी म्हटलं, बाई, तू इथं कशी? तं म्हनते, आजी, मही तहान जात नाई. ह्या पान्यावर आता मी हावो. जे पोटुशी इथं पानी भरन, तिचं लेकरू मी मागून घेईन." देवकाबाईचा श्वास पुरत नव्हता. तिनं छातीवर हात दाबला. "लेकराच्या बापालेबी सोडनार नाई, म्हनते."

रुख्माबाईनं जिजाला मागं ओढून पदराखाली घेतलं.

"पाय पाह्यले का?" कोणीतरी विचारलं.

हे विचारलं जाणार, हे देवकाबाईला ठाऊक होतं. हसताना भिंतीला टेकणारी ती पोरगी तिच्या डोळ्यांसमोर होती. पायात जोडवी, टाचा भेगाळलेल्या, सरळ, साध्या चालीच्या. एवढं एक न देता भागलं असतं तर तिनं दिलं नसतं.

"पाह्यले," ती म्हणाली. "उलटे होते."

दिवस मावळायच्या आत गड्यांनी बावडीच्या तोंडावर बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास टाकले. सकाळी चावडीपुढच्या विहिरीचा रहाट वाजला. बायका नाकाला पदर लावून पाणी ओढत होत्या, एकमेकींशी कमीच बोलत होत्या. वास आला तरी कोणी कळशी ओतून दिली नाही. प्रभाकरराव आठ दिवसांनी आला तेव्हा त्यानं ती गर्दी पाहिली आणि सायकलवरून उतरून उगाच घंटी वाजवली. आपल्या चित्राचा उपयोग झाला, असं त्याला वाटलं. देवकाबाईला पाहून तो म्हणाला, "आजी, समजावून सांगितलं की ऐकतात लोक." ती म्हणाली, "हो बाप्पा."

तिच्या घरापुढून जाताना बायका आता पाऊल उचलून चालत. वच्छलाचं नाव कोणी घेत नसे. 'ते' म्हणत, आणि म्हटल्यावर तोंडावर हात ठेवत. लेकरांना भात खाऊ घालताना एक हळू आवाज गल्लीत ऐकू येई, खा लवकर, नाहीतर ते येईन. देवकाबाई दाराशी बसून ऐके.

देवकाबाई चावडीपुढं येऊन पडली त्या दिवशी तानबा चिंचोलीला बैलबाजारात गेला होता. परतल्यावर त्याला कोणी ना कोणी सांगितलं असणार. पण तो रोजच्यासारखाच वखर धरायचा, जेवायचा, झोपायचा. नवव्या दिवशी सकाळी त्यानं भाकरी पुढं घेतली आणि तशीच ठेवली.

"आजी, खरंच दिसली का?"

देवकाबाई चुलीत काडी सारत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. त्याला सांगायचं तिनं ठरवलं होतं. इतरांना नाही, पण ह्याला. शब्दसुद्धा लावून ठेवले होते.

"काऊन विचारतं?"

"मी जाऊन आलतो," तो म्हणाला. "तीन दिवस झाले, जाऊन राह्यलो. फास बाजूले करून बसतो दुपारचा. मले नाई दिसत."

तिच्या हातातली काडी अर्धी जळाली.

"पानी पेलास तिथलं?"

"नाई. अजून नाई."

"पिऊ नको." ती आता वळली. "तिनं सांगतलं. तुह्यासाठी येगळं सांगतलं. म्हनते, त्याईले सांगजो, इथं पानी पेऊ नका. घरी उकळून पेत जा. आन इथं येऊन बसू नका म्हनते, मले जीव लागते."

तानबानं हे सगळं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. तो थोडा पुढं सरकला.

"लेकरू होतं का संगं?"

चावडीपुढं रहाट वाजत होता. जिजा कोणाला तरी मोठ्यानं हाक मारत होती. गावाला सांगताना देवकाबाईला लेकराचं सुचलंच नव्हतं.

"होतं," ती म्हणाली. "कडेवर."

"पोरगा का पोरगी?"

उभ्या जन्मात तिला पुढं काय सांगायचं हे शोधावं लागलं नव्हतं. जीभ आपोआप चालायची, ती मागून ऐकायची. आता तिनं चुलीकडं पाहिलं, भाकरीकडं पाहिलं, त्याच्या हातांकडं पाहिलं.

"पोरगी."

तानबानं मान हलवली, जणू त्यालाही तसंच वाटत होतं. भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाशी नेला आणि थांबला.

"मंग नाव ठेवलं असन तिनं," तो म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडं पाहत राहिला.